आधी शेण पाहू या

गेल्या अंकात म्हशींच्या गोचिडांविषयी लिहिताना शेवटी मी एक वाक्य लिहून गेले, की पशुवैद्यक म्हणून माझी चाळीस वर्षं जंत आणि गोचीड पाहण्यात गेली. त्या वाक्यावर गोव्यातल्या साखळीच्या पत्त्यावर पत्रांचा गठ्ठाच आला. काहींनी गोठ्यातलं विचारलंय, काहींनी माझ्या शिक्षणाविषयी, आणि फोंड्याच्या एका आईचं पत्र असं आहे की ते वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. सगळ्या पत्रांना जागा पुरणार नाही. ज्यांच्या उत्तराचा इतरांनाही उपयोग होईल अशी निवडली आहेत.

प्रश्न : डॉक्टरबाई, आमच्याकडे चार म्हशी आहेत. दरवर्षी पावसात एखादं रेडकू जातं. जन्मतं तेव्हा धडधाकट असतं. तिसऱ्या आठवड्यापासून मातकट-पांढरं, घाण वासाचं हगायला लागतं, पोट फुगतं, भिंत चाटतं, माती खातं. सासूबाई म्हणतात दृष्ट लागते. शेजारी म्हणतात दूध जास्त पाजता म्हणून. खरं काय?
— एक गृहिणी, केरी, सत्तरी

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला आमचाच गोठा दिसला. १९६२ साल, गोवा मुक्त झाल्यानंतरचा पहिला पावसाळा. मी नऊ वर्षांची. आमच्या चंद्रीचं रेडकू असंच भिंत चाटायचं, त्याच्या तोंडाला आंबूस वास यायचा. आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, गळ्यात काळा दोरा बांधला. महिन्याचं होतं तेव्हा ते गेलं. पुरायला नेलं तिथे आमच्या गड्याने कोयत्याने पोट चिरलं. आतड्यात पांढरट जंतांचा गुंडा बसला होता. वीत-वीतभर लांब, जाड सुतळीएवढे, अजून वळवळत होते. मी बापूंच्या पाठीमागून पाहत होते. भीती वाटली नाही. एकच प्रश्न पडला : जे पिल्लू दुधाशिवाय काही खात नाही, त्याच्या पोटात हे गेले कुठून?

उत्तर मिळायला मला मुंबईला, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गापर्यंत जावं लागलं. ह्या जंताचं नाव टॉक्सोकारा व्हिट्युलोरम, आणि तो दुधातूनच जातो. म्हैस चरताना, चिखलातलं पाणी पिताना त्याची अंडी गिळते. तिच्या अंगात अळ्या मोठ्या होत नाहीत, मांसात आणि यकृतात झोपून राहतात, कधी कधी वर्षानुवर्षं. ती विण्याच्या सुमाराला त्या जाग्या होऊन कासेकडे निघतात आणि व्याल्यावरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुधावाटे रेडकाच्या पोटात उतरतात. म्हशीचं शेण कितीही तपासा, तिथे काही दिसणार नाही. मोठा जंत फक्त पिल्लात वाढतो.

म्हणजे तुमचे शेजारी अर्धे बरोबर आहेत. वाट दुधाचीच, पण दूध जास्त झाल्याने काही होत नाही. दूध मुळीच तोडू नका. चीक आणि दूध तोडलं तर जंतांनी मरायच्या आधी रेडकू उपाशी मरेल. उपाय तारखेचा आहे. रेडकू जन्मल्यापासून दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या आत जंताचं औषध एकदा द्या. पायरँटेल किंवा पिपराझिन, मात्रा वजनावर, ती तुमच्या दवाखान्यातले डॉक्टर सांगतील. तोपर्यंत दुधातून येणाऱ्या बहुतेक अळ्या येऊन गेलेल्या असतात आणि अंडी घालण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसतात. मी एरवी सगळ्यांना सांगते की आधी शेण बघा आणि मग औषध द्या. इथे मात्र शेणात अंडी दिसायची वाट पाहायची नाही. अंडी दिसली म्हणजे उशीर झाला, आणि गोठ्याच्या चिखलात पुढच्या वर्षाची पेरणीही झाली. रेडकाचं शेण रोजच्या रोज लांब खड्ड्यात टाका. गोठ्याच्या कोपऱ्यात साठू देऊ नका.

सासूबाईंना रागावू नका. माझ्या आईनेही तेच केलं होतं, आणि त्या रेडकासाठी ती माझ्याहून जास्त रडली होती.

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, पेडणे तालुक्यातली. मला पशुवैद्यक व्हायचंय आणि पुढे संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, शेणात हात घालायला एवढं कशाला शिकायचं? तुम्ही ह्या विषयात कशा आलात आणि प्राध्यापक कशा झालात? मुलगी म्हणून अडचण आली का? किती वर्षं लागतात?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या पत्रात चार प्रश्न आहेत. शेवटचा आधी घेते, कारण त्याचं उत्तर पक्कं आहे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि देशभरातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून नीटच्या गुणांवर भरतात. त्यानंतर एम.व्ही.एस्सी. दोन वर्षं, पीएच.डी. निदान तीन. शिकवायचं असेल तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची (एएसआरबी) 'नेट' ही पात्रता परीक्षा. म्हणजे तू अठराव्या वर्षी निघालीस तर अठ्ठाविशी-तिशीत पोचशील. घरच्यांना हा आकडा आत्ताच सांगून ठेव. मधेच 'आता पुरे' असं कुणी म्हणू नये.

मी १९७१ साली निघाले. गोव्यात असं महाविद्यालय नव्हतं. पणजीहून बोटीत बसले, रात्र डेकवर काढली आणि दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्याला उतरले. बापू बरोबर होते. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट ह्यांच्या नावाचं जनावरांचं जुनं इस्पितळ, आणि फाटकाशी लंगडणाऱ्या घोड्यांची रांग. बापूंनी ती रांग पाहिली आणि एवढंच म्हणाले, "इथे तुझं जमेल." दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. माझी पदवी त्याच विद्यापीठाची. आता ती सगळी महाविद्यालयं नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात आहेत, ते २००० साली झालं.

वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मुलगी म्हणून अडचण म्हणशील तर राहण्याची आली, रात्रपाळीची आली, म्हैस अडली की 'कुणीतरी पुरुष डॉक्टर पाठवा' अशा निरोपाची आली. म्हैस सुटली की तो निरोप परत यायचा नाही. हे तुला सांगते ते घाबरवायला नव्हे. आज ह्या महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने आहेत, तुझ्यावर ती वेळ तेवढी येणार नाही.

विषयाची गोडी लागली ती देवनारच्या कत्तलखान्यात. आमचे सर शनिवारी आम्हांला तिथे न्यायचे आणि एकेकाच्या हातात यकृताचा तुकडा ठेवायचे. पित्तनलिका कापताना सुरी करकर वाजायची, आत वाळू भरल्यासारखी. जुन्या जंतबाधेने नलिकेच्या भिंतीत चुना साचलेला असतो. ती उघडली की आतून पानासारखा चपटा, बोटभर लांब, करड्या रंगाचा जंत हळूच आक्रसायचा. फॅसिओला जायगँटिका. सर म्हणायचे, "हा इथे आला कसा, ते सांगा. पुस्तक मिटून सांगा."

आला कसा, तर गोगलगायीतून. पुढे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत एम.व्ही.एस्सी. आणि पीएच.डी. ह्याच प्रश्नावर केली. ती संस्था मुळात १८८९ साली आपल्या पुण्यात सुरू झाली आणि नंतर उत्तरेत मुक्तेश्वरला गेली, हे मराठी मुलांना माहीत नसतं. तिथे माझं काम म्हणजे तळ्याकाठून गोड्या पाण्यातल्या गोगलगायी गोळा करायच्या, एकेकीला पाण्याच्या वेगळ्या काचनळीत ठेवायचं आणि नळ्या उजेडात मांडून बसायचं. शंभर नळ्यांत काही घडत नाही. एखाद्या नळीत मात्र पाणी एकदम गढुळतं, दुधाचा थेंब पडावा तसं. भिंग लावलं की कळतं, ते शेपटीवाले जीव आहेत, शेकड्यांनी, गोगलगायीच्या अंगातून सुटून पोहत निघालेले. थोड्या वेळाने ते काचेला चिकटतात, शेपटी टाकून देतात आणि स्वतःभोवती कवच करून थांबतात. शेतात ते गवताच्या पात्याला चिकटतात आणि म्हैस ते पातं खाते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. बरोबरच्या मैत्रिणीला उठवून आणलं. तुझे घरचे विचारतात शेणात हात कशाला घालायचा. ह्यासाठी.

नोकरीत सगळं गोड नव्हतं. सुरुवातीच्या एका संस्थेत माझ्या दोन पावसाळ्यांच्या नोंदी एका वरिष्ठांच्या नावाने शोधनिबंध म्हणून छापून आल्या. माझं नाव शेवटी आभारात, तेही चुकीचं. मी आठवडाभर रडले, मग नवी वही घेतली. तेव्हापासून एक नियम पाळला : ज्या विद्यार्थ्याने चिखलात उभं राहून नमुने गोळा केले, त्याचं नाव निबंधावर पहिलं. एकतीस वर्षं शिकवलं, एकदाही मोडला नाही. तू गाईड निवडशील तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेट आणि हे विचार. प्रयोगशाळेत कोणती यंत्रं आहेत ते नंतर विचारलंस तरी चालेल.

दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी एकच गोष्ट सांगायचे. अमेरिकेत टेक्सासकडची गुरं उत्तरेला नेली की तिथली गुरं तापाने मरायची. गुरं राखणारे म्हणायचे, हे गोचिडांमुळे. शास्त्रज्ञांना ते पटत नव्हतं. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न ह्यांनी गोचीडवाली आणि गोचीड काढलेली गुरं वेगवेगळी ठेवून वर्षानुवर्षं पाहिलं आणि १८९३ साली छापलं की गुराखी बरोबर होते. डासातला मलेरिया रॉस ह्यांना सिकंदराबादला दिसला तो १८९७ साली, म्हणजे त्यानंतर. एखादा कीटक किंवा गोचीड आजार पसरवतो हे माणसाच्या दवाखान्याआधी गोठ्यात कळलं होतं. आपल्या देशातलंही सांगायचे. गुरं घोरतात, नाकातून शेंबूड-रक्त येतं, त्यामागे नाकाच्या शिरांत राहणारा कृमी आहे, हे मद्रास इलाख्यातल्या गुरांवरून राव ह्यांनी १९३३ साली दाखवलं. आणि १९५२ साली आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, गिमवी गावात, माणसांच्या लघवीतून रक्त जाण्यामागे तशाच जातीचा कृमी असल्याचं गाडगीळ आणि शहा ह्यांनी शोधलं. एका गावातल्या व्हाळापर्यंत चालत जाऊन लागलेला शोध आहे तो.

पेडण्याहून जुनं गोवं लांब नाही. तिथे एला इथे कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. सुट्टीत जा, परवानगी माग, सूक्ष्मदर्शकातून एकदा बघ. आवडलं नाही तर तेही आत्ताच कळेल.

प्रश्न : आमच्या पंचवीस शेळ्या. दर महिन्याला न चुकता जंताचं औषध पाजतो. तरी पावसाळ्यात जबड्याखाली सुजून मरतात. औषध बनावट असतं का?
— एक शेळीपालक, सांगे

उत्तर : औषध बहुधा खरं आहे. दर महिन्याला पाजणं हेच चुकतंय. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

१९९४ च्या चवथीला मी मुंबईहून घरी आले होते. डोंगरावरच्या धनगर वस्तीतले एकजण आले, शेळ्या मरताहेत म्हणाले. गेले. डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आत गुलाबी रंगाचा मागमूस नाही, भिजल्या कागदासारखी पांढरी. जबड्याखाली पाणी लोंबतंय. निदान बरोबर होतं. हा हिमाँकस, शेळीच्या चौथ्या पोटातला जंत. मादी पाहायची तर पोट उघडल्याबरोबर पाहावी : रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पिळलेला पांढरा अंडाशय, लाल-पांढऱ्या दोऱ्याच्या पिळासारखा. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हजार जंत असले तर रोज पन्नास मिलिलिटर गेलं. वीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून दीड लिटरही रक्त नसतं. हिशेब तुम्हीच करा.

मी सगळे देतात तेच अल्बेंडाझोल दिलं, विसर्जन आटोपलं आणि मुंबईला परतले. महिन्याभरात पत्र आलं, आणखी अकरा शेळ्या गेल्या. दिवाळीला सूक्ष्मदर्शक घेऊनच आले. लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात घोळवून, वर तरंगलेली अंडी चौकटीच्या काचेवर मोजली. औषध दिलं. बाराव्या दिवशी पुन्हा मोजली. आकडा जिथल्या तिथे. ते औषध त्या कळपात पाण्यासारखं झालं होतं, कारण तीन वर्षं दर महिन्याला तेच पाजलं होतं. प्रत्येक वेळी जे थोडे जंत औषधाला पुरून उरले त्यांचीच पिल्लावळ वाढत गेली. हे तपासायला मला दोन्ही वेळचा मिळून अर्धा दिवस लागला असता. चवथीच्या घाईत मी तो दिला नाही. त्या अकरा शेळ्या म्हणजे त्या घराचं वर्षाचं मीठ-तेल होतं.

आता तुम्ही काय करावं. सगळ्या कळपाला एकाच दिवशी पाजणं थांबवा. दर पंधरा दिवसांनी पावसात एकेका शेळीची पापणी पाहा. दक्षिण आफ्रिकेत ह्यासाठी पाच रंगांचा तक्ता केलाय, लालपासून पांढऱ्यापर्यंत. डॉक्टरांकडून त्याची प्रत मिळवा. फिकट पडलेल्यांनाच औषध द्या. ज्या शेळ्या लालबुंद आहेत त्यांना सोडा. त्यांच्यातल्या जंतांनी अजून औषध पाहिलेलं नसतं, आणि कुरणात असे जंत राहणं तुमच्या फायद्याचं आहे. औषध वजन करून पूर्ण मात्रेत द्या. अर्धी मात्रा देणं सगळ्यांत वाईट. आणि औषधाच्या आधी एकदा व नंतर बारा-चौदा दिवसांनी एकदा लेंड्या तपासून घ्या. अंडी कमी झाली नाहीत तर डॉक्टर वेगळ्या गटातलं औषध निवडतील.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला आकडी आली. स्कॅनमध्ये मेंदूत जंताची गाठ निघाली. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. नातेवाईक म्हणतात हा डुकराच्या मांसातून येतो, आणि आमच्याकडे संशयाने पाहतात. कुणी म्हणतं कोबीतली अळी मेंदूत जाते. मुलगी कोबीच काय, भाजीच खाईना.
— एक आई, फोंडा

उत्तर : ताई, तुमच्या घरात काही चोरून खाल्लं गेलेलं नाही. हे पत्र नातेवाइकांना वाचायला द्या.

ह्या पट्टकृमीच्या दोन वाटा आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. पहिली वाट मांसाची. डुकराच्या मांसात त्याच्या गाठी असतात, मी अनेकदा पाहिल्या आहेत : भिजलेल्या साबुदाण्यासारख्या, पाण्याने भरलेल्या, आत एक पांढरा ठिपका. असं मांस कच्चंपक्कं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात लांबलचक पट्टकृमी वाढतो. त्या मांसाने थेट मेंदूत काही होत नाही, त्या माणसाला बहुधा पत्ताही नसतो. दुसरी वाट त्या माणसाच्या विष्ठेची. तिच्यातून अंडी बाहेर पडतात. शौचानंतर हात न धुता कुणी अन्न हाताळलं, भाजीला मैल्याचं पाणी दिलं, की ती अंडी त्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही तोंडात जातात. त्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत पोचते आणि तिथे गाठ होते. तुमच्या मुलीच्या पोटात अंडं गेलं. ते मांसातून येत नाही, माणसाकडून येतं. म्हणून शाकाहारी घरांतही हा आजार होतो. कोबीच्या अळीचा ह्याच्याशी काडीचाही संबंध नाही. कच्ची खायची भाजी, कोथिंबीर, गाजर वाहत्या पाण्यात नीट धुवा आणि मुलीला भाजी खाऊ द्या.

दोन गोष्टी जपा. दुकानातून जंताची गोळी आणून स्वतः देऊ नका. औषधाने गाठ मरताना भोवती सूज येते. ती सांभाळायला मेंदूविकारतज्ज्ञ दुसरी औषधं बरोबर देतात. आकडीचं औषध त्यांनी सांगेपर्यंत थांबवू नका. आणि घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचीसुद्धा, शौचतपासणी करून घ्या, कुणालाही दोष न देता. अशी एकच गाठ असलेली पुष्कळ मुलं पूर्ण बरी होतात. तुमची मुलगीही शाळेत जाईल.

डुकराविषयी एक सांगते, कारण आपल्या गोव्यात डुक्कर घरचं जनावर आहे आणि 'आगोंदा गोवन' ही आपली जात आता देशाच्या नोंदणीत आहे. पूर्वी घरामागच्या संडासाखालीच डुकरं असायची. त्या व्यवस्थेत माणसाची अंडी डुकराला आणि डुकराच्या गाठी माणसाला, असा फेरा बसल्या जागी पुरा व्हायचा. डुक्कर बांधून, खाणं घालून पाळलं आणि घरचा संडास बंद असला की हा फेरा तुटतो. मांस आतपर्यंत शिजवा.

प्रश्न : आयव्हरमेक्टिन हे गुरांचं औषध ना? मग कोविडच्या वेळी आम्हांला का दिलं? आणि गुरांना सगळ्या जंतांवर हे एकच इंजेक्शन चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ते आधी गुरांचंच. जपानमध्ये सातोशी ओमुरा ह्यांनी इतो शहराच्या परिसरातून मातीचा नमुना घेतला, त्यातला एक सूक्ष्मजीव अमेरिकेत मर्क ह्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे विल्यम कॅम्पबेल ह्यांच्या गटाने तो जंत असलेल्या उंदरांच्या खाण्यात घातला आणि जंत नाहीसे झाले. कॅम्पबेल आयर्लंडचे, परजीवीशास्त्रज्ञ, त्यांची पीएच.डी.ही यकृतातल्या चपट्या कृमीवर. औषध १९८१ साली गुरांसाठी बाजारात आलं, आणि १९८७ पासून आफ्रिकेत कृमीमुळे येणाऱ्या नदीकाठच्या अंधत्वावर फुकट वाटलं जाऊ लागलं. २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं. त्या दिवशी मी निवृत्त होते, तरी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन रात्रीपर्यंत येत होते. आमच्या विषयातल्या माणसाला ते मिळालं ह्याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

२०२१ च्या मे महिन्यात गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना ह्या गोळ्या पाच दिवस देण्याची घोषणा झाली, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाही चाचण्यांबाहेर ते वापरू नका असंच सांगितलं होतं, आणि नंतरच्या मोठ्या चाचण्यांत कोविडवर उपयोग दिसला नाही. लोक तेव्हा घाबरलेले होते, मी कुणाला बोल लावत नाही. पण जंतावरचं औषध जंतालाच द्यावं.

आणि सगळ्या जंतांवर ते चालत नाही. गोल जंत, खरूज, उवा ह्यांवर उत्तम. यकृतातल्या चपट्या कृमीवर आणि पट्टकृमीवर निरुपयोगी. वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भातशेतीच्या, मेरेवर, गोड्या पाण्याच्या कडेला चरणाऱ्या म्हशीला तुम्ही हे टोचलं आणि तिच्या यकृतात चपटे कृमी असले, तर पैसे गेले आणि म्हैसही गेली. कोली जातीच्या कुत्र्यांना ते जपून द्यावं लागतं, काहींच्या मेंदूपर्यंत पोचतं. आणि शेणातून बाहेर पडलं की शेणातले भुंगेरेही मारतं, म्हणून विनाकारण नको.

प्रश्न : काजूच्या बागेत कामाला जातो. माकडतापाची भीती वाटते. अंगाला चिकटलेला गोचीड बिडीने चटका देऊन काढला तर चालतो का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : चालत नाही. चटका, रॉकेल, चुना काही लावू नका. चिमट्याने कातडीला लागून धरा, सरळ ओढा, जागा साबणाने धुवा. नखावर चिरडू नका.

गोचिडाच्या चाव्यातून येणारा हा ताप १९५७ साली कर्नाटकात, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. आपल्या सत्तरीत २०१५ पासून आहे. माणसाला चावतो तो बहुधा अर्धवट वाढलेला गोचीड, खसखशीच्या दाण्याएवढा, पाचोळ्यात बसलेला, आणि त्याचा हंगाम नेमका काजूच्या हंगामात येतो. बोंडू वेचायला जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोवलेली, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल. पाचोळ्यावर बसू नका. घरी आलात की कपडे गरम पाण्यात, आणि काखा, जांघा, कानामागे घरच्यांकडून पाहून घ्या. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. रानात गेल्यानंतर आठवड्याभरात एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग फुटल्यासारखं दुखणं सुरू झालं तर थांबू नका, आणि डॉक्टरांना 'मी काजूत कामाला जातो' हे आधी सांगा. गुरांना हा ताप होत नाही, पण मोठे गोचीड त्यांच्यावर पोसले जातात. म्हणून रानात चरणाऱ्या गुरांचे गोचीड काढणं हा तुमच्याच बचावाचा भाग आहे.

प्रश्न : तुम्ही सारखं 'शेण तपासा' म्हणता. न्यायचं कसं?
— डिचोलीहून तीन वाचक

उत्तर : हात प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ताजं शेण घ्या, जमिनीला लागलेलं नको. मातीत मोकळे राहणारे जंत असतात, तपासणारा फसतो. गाय-म्हशीचं लिंबाएवढं पुरे, शेळीच्या आठ-दहा लेंड्या. रुंद तोंडाची स्वच्छ बाटली काठोकाठ भरा, आत हवा राहिली की अंडी लवकर फुटतात. चिठ्ठीवर जनावराचं वय, तारीख, आणि शेवटचं औषध कोणतं व कधी दिलं ते लिहा. एकाच जनावराचं आणू नका. आजारी दोन आणि बरी दिसणारी दोन, अशा वेगळ्या बाटल्या. त्याच दिवशी पोचवा. जमलं नाही तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, पिशवीत गुंडाळून, एक रात्र चालेल. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेली अंडी फुटतात, आणि मग भिंगाखाली काय आहे ते ओळखता येत नाही.